वाडा पडला तरी खोलीचा क्रमांक उरला पाहिजे

शनिवार पेठेतल्या जुन्या वाड्याच्या देवडीत शिरले की भिंतीवरच्या लाकडी फळीवर विजेच्या मीटरची रांग दिसते. प्रत्येक मीटरखाली ऑइलपेंटने लिहिलेले एकेक आडनाव. एकच आडनाव दोनदा आले असेल तर पुढे ‘माडी’ किंवा ‘मागचा चौक’ अशी भर. वाड्याचा घरक्रमांक मात्र एकच, आणि दहा-पंधरा बिऱ्हाडांचे टपाल, शिधापत्रिका, मतदारयादीतली नावे, गॅसची नोंदणी सगळे त्या एका क्रमांकावर. कोण कुठल्या खोलीत राहते हे पोस्टमनला ठाऊक असते, घरमालकाला ठाऊक असते, शेजारपाजाऱ्यांना तर असतेच. पण खोलीनिहाय अशी एकत्र नोंद कुठल्याही सरकारी दप्तरात नसते. वाडा उभा आहे तोवर त्यावाचून कुणाचे अडत नाही. वाडा विकासकाच्या ताब्यात गेला की अडते. मग जिन्याखालच्या खोलीत चाळीस वर्षे काढलेल्या बिऱ्हाडाला आपण तिथेच राहत होतो हे विजेची बिले आणि भाडेपावत्या जमवून सिद्ध करावे लागते, कारण ज्या खोलीबद्दल बोलायचे तिला स्वतःचे असे नावच नाही. पुण्यातल्या प्रत्येक खोलीला, सदनिकेला, दुकानाच्या गाळ्याला एक कायमचा क्रमांक यंत्रणेने आपोआप दिला पाहिजे, तो कधी बदलता कामा नये आणि एकदा संपला तर दुसऱ्या कुणाला मिळता कामा नये, असे माझे म्हणणे आहे. आणि त्या क्रमांकात पेठ, प्रभाग, मजला किंवा मालक यांपैकी कशाचीही माहिती कोंबलेली नसावी.

क्रमांकांचा तुटवडा आपल्याकडे नाही. जमिनीला नगर भूमापन क्रमांक असतो आणि त्याची मिळकत पत्रिका निघते; जमिनीचे तुकडे पडले की त्याच क्रमांकाला शेपटी जोडली जाते. महापालिकेचा मिळकत कर भरायचा तर सेक्शन, पेठ आणि खाते क्रमांक असे तीन तपशील भरावे लागतात. महावितरणचा ग्राहक क्रमांक बारा आकडी असतो. खरेदीखत नोंदवले की दस्ताला क्रमांक मिळतो, पण तो त्या दुय्यम निबंधक कार्यालयापुरता आणि त्या वर्षापुरता. कार्यालय आणि साल सोबत लिहिले नाही तर त्या आकड्याला अर्थ नाही. मोठ्या नव्या इमारतीला २०१७ पासून महारेराचा नोंदणी क्रमांक लागतो, तो संपूर्ण प्रकल्पाचा असतो. यातला प्रत्येक क्रमांक आपापल्या खात्याच्या कामापुरता ठीक आहे. पण भूमापनवाले जमीन मोजतात, करवाले खाते मोजतात, वीजवाले मीटर मोजतात, निबंधक कागद मोजतो. माणूस ज्या चार भिंतींत राहतो त्या चार भिंती कुणीच मोजत नाही, आणि म्हणून हे चार क्रमांक एकाच खोलीचे आहेत हे खात्रीने सांगण्याचे काम शेवटी एखाद्या वकिलाच्या किंवा दलालाच्या माथी येते.

अगदी हाच पेच डिस्क साठवणुकीच्या यंत्रणा बांधणाऱ्या अभियंत्यांपुढे होता, आणि त्यांनी तो सोडवला. बँका, रुग्णालये, फोन कंपन्या यांची माहिती ज्या डिस्कवर साठते त्या शेकड्याने असतात. एका बाजूला सर्व्हर, दुसऱ्या बाजूला डिस्क आणि मध्ये स्विच. कुठल्या सर्व्हरची मागणी कुठल्या डिस्ककडे न्यायची ते स्विच पाहतात, त्यामुळे दोन स्विच एकाच क्रमांकाचे असणे परवडत नाही. या कामासाठी वर्षानुवर्षे वापरात असलेल्या फायबर चॅनल या पद्धतीत प्रत्येक स्विचला दोन वेगवेगळे क्रमांक असतात. पहिला ६४ बिटांचा ‘वर्ल्ड वाइड नेम’. त्यातला २४ बिटांचा भाग आयईईई ही जागतिक संस्था उत्पादक कंपनीला नेमून देते आणि उरलेल्या भागातून कंपनी आपल्या एकेका यंत्राला क्रमांक देते. हा क्रमांक यंत्र कुठेही नेले तरी बदलत नाही. दुसरा ‘डोमेन आयडी’, १ ते २३९ मधला एक आकडा. तो स्विच जाळ्यात आल्यावर मिळतो. स्विच एकमेकांना जोडले गेले की ते आपसात एक मुख्य स्विच निवडतात, प्राधान्य सारखेच असेल तर ज्याचे वर्ल्ड वाइड नेम लहान तो मुख्य ठरतो, आणि तो बाकीच्यांना डोमेन आयडी वाटतो. माणसाने वही घेऊन बसायची गरज उरत नाही. हे ज्ञान पुण्याला परके नाही. व्हेरिटाससारख्या कंपनीमुळे गेली दोन-तीन दशके साठवणुकीची सॉफ्टवेअर या शहरातच लिहिली गेली आहेत.

या रचनेतली खरी शहाणपणाची गोष्ट आपोआप क्रमांक मिळण्याच्याही पुढची आहे. वस्तू कोणती आणि ती सध्या कुठे आहे, हे दोन प्रश्न तिथे वेगळे ठेवले आहेत. डिस्कपर्यंत पोचण्याचा पत्ता डोमेन आयडीपासून सुरू होतो, त्यामुळे एखाद्या स्विचचा डोमेन आयडी बदलला की त्यामागच्या साऱ्या डिस्कचे पत्ते बदलतात. काही जुन्या संगणक प्रणाली डिस्क तिच्या पत्त्यावरून लक्षात ठेवत. पत्ता बदलला की डिस्क जागच्या जागी, धडधाकट असूनही त्यांना ती सापडेनाशी होई. त्यावर तोडगा निघाला तो असा की स्विच पुन्हा सुरू झाल्यावर आधीचाच आकडा मागतो आणि तो मोकळा असेल तर मुख्य स्विच त्याला तोच देतो. शिवाय ओळख पटवायची ती पत्त्यावरून न पटवता कायमच्या नावावरून. आपली मिळकतींची दप्तरे आज त्या जुन्या प्रणालींसारखी चालतात. पत्ता हीच ओळख, म्हणून पत्ता बदलला की माणूस आणि घर दोन्ही दप्तरातून निसटतात.

शनिवार पेठेने हे निसटणे एकदा फार मोठ्या प्रमाणावर सोसले आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले, खडकवासल्याचे धरणही टिकले नाही आणि मुठेकाठच्या पेठांमध्ये पाणी घुसले. ओंकारेश्वराच्या आसपासचे, नदीलगतचे मातीचे वाडे त्या पाण्यात बसले. भिंती गेल्या, खोल्या गेल्या, घरातले कागद गेले. अनेक कुटुंबे सहकारनगर, गोखलेनगर अशा नव्या वसाहतींत गेली. वाड्यांच्या जमिनींचे क्रमांक सरकारी दप्तरात शाबूत राहिले, म्हणून मालकांना आपल्या जागेचा माग काढता आला. भाड्याच्या खोल्यांना क्रमांकच नव्हते, त्यामुळे त्यांच्या बाबतीत उरली ती माणसांची आठवण. आज पूर नाही, पण मेहुणपुऱ्यापासून नेने घाटापर्यंत वाडे उतरून इमारती चढत आहेत आणि दप्तराच्या दृष्टीने घडते आहे ते तेच.

यावर पहिला आक्षेप असा येईल की पिनकोड आहे, आता डिजिपिनही आला, मग आणखी एक आकडा कशाला? पिनकोड ही आपल्या माणसाची देणगी आहे. संस्कृतचे कवी आणि केंद्रीय दळणवळण मंत्रालयातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या पुढाकाराने १५ ऑगस्ट १९७२ रोजी तो सुरू झाला. एकाच नावाची अनेक गावे आणि अनेक लिप्यांतले पत्ते यांच्या गुंत्यातून टपाल सुटावे, हा त्याचा हेतू, आणि तो त्याने पन्नासहून अधिक वर्षे उत्तम पार पाडला आहे. पण ४११०३० हा पिन शनिवार पेठेबरोबर सदाशिव आणि नारायण पेठेचाही आहे. खोली शोधणे हे त्याचे कामच नव्हे. टपाल खात्याने मे २०२५ मध्ये आणलेला दहा अक्षरी डिजिपिन फार बारीक आहे, सुमारे चार मीटर लांब-रुंद चौकोनाला एक. रुग्णवाहिका दारापर्यंत आणायला तो खरोखर उपयोगी पडेल. मात्र तो अक्षांश-रेखांशांवरून निघतो, म्हणजे तोही पत्ताच. चार मजली इमारतीत एकावर एक असलेल्या चारही सदनिकांचा डिजिपिन एकच येणार. जमिनीच्या तुकड्यांसाठी केंद्राने आणलेला चौदा अक्षरी भू-आधारही जागेच्या अक्षांश-रेखांशांवर बेतलेला आहे, आणि तो जमिनीपाशी थांबतो. शेतीला ते पुरेसे आहे. ज्या पेठेत माणसे एकमेकांच्या डोक्यावर राहतात तिथे नाही.

क्रमांकात अर्थ का भरू नये, याचे उत्तर महापालिकेच्या हद्दीनेच दिले आहे. २०१७ मध्ये ११ गावे पुण्यात आली, २०२१ मध्ये आणखी २३ आली. प्रत्येक ग्रामपंचायतीची स्वतःची आकारणी नोंदवही, नमुना ८, आणि तिच्यातले मिळकत क्रमांक त्या-त्या गावापुरते. गावे एकत्र आली की तोच आकडा अनेक ठिकाणी निघणार हे उघड आहे. पुढे २०२४ मध्ये फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावे पुन्हा बाहेर निघाली. ज्या मिळकतीच्या क्रमांकातच गाव किंवा विभाग गुंफलेला असेल तिला सात वर्षांत दोनदा नवा क्रमांक घ्यावा लागेल, घर मात्र जागचे हललेले नसेल. आधारची अंमलबजावणी कशी झाली यावर मतभेद असू शकतात, पण नंदुरबारच्या टेंभली गावातून २०१० मध्ये सुरू झालेल्या त्या क्रमांकाची मांडणी अचूक आहे: बारा आकड्यांत जात, जिल्हा, वय काहीही नाही, आणि शेवटचा आकडा केवळ लिहिण्यातली चूक पकडण्यासाठी.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. यंत्राने क्रमांक दिले आणि यंत्रच चुकले तर? चूक हातोहात शहरभर पसरेल. इथेही स्विचचे वागणे पाहावे. दोन चालती जाळी जोडली आणि दोन्हींत एकाच डोमेन आयडीचा स्विच निघाला, तर जोडणारी वाट बंद ठेवली जाते. दोन्ही जाळी आपापल्या जागी चालत राहतात, आणि माणसाने येऊन वाद मिटवला की मगच वाट उघडते. संशय आला की थांबायचे, हा नियम आपल्या दप्तरांत सर्वांत कमी आढळतो. दोन नोंदी जुळत नसतील तर मध्येच कुणीतरी अंदाजाने जुळवून टाकतो आणि पुढे ती जुळवणी न्यायालयात उसवते. नव्या यंत्रणेत विसंगत नोंद पुढे सरकूच नये. ती नगर भूमापन आणि कर खात्याच्या अधिकाऱ्यांसमोर यावी, आणि निर्णय कुणी, कधी, कशाच्या आधारे दिला हे त्याच क्रमांकाखाली कायम राहावे. दोन सदनिका फोडून एक केली तर दोन्ही जुने क्रमांक बंद व्हावेत, नव्याला त्यांची वंशावळ जोडलेली असावी.

घरमालकांची धास्ती मला समजते. खोलीला क्रमांक मिळाला की भाडेकरूचा हक्क पक्का होईल, असे त्यांना वाटेल. पण क्रमांक हक्क देत नाही. भाडेकरूचे काय, हे १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ठरवतो आणि मालकीचे काय हे खत ठरवते. क्रमांक एवढेच सांगतो की अमुक मापाची खोली अमुक वाड्यात होती. खरे तर मालकालाही तेच हवे असते, कारण पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली की कधी न राहिलेली माणसेही खोली सांगत येतात, आणि त्यांना परतवायला मालकाच्या हाताशी दप्तर नसते.

खासगीपणाचा मुद्दा मात्र मालक-भाडेकरूंपुरता नाही, सर्वांचा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी ऑगस्ट २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. एका क्रमांकावर कर, वीज, दस्त, गॅस सगळे उघडता आले तर कोणाच्या घरात काय चालले आहे हे कुणीही पाहील. म्हणून हा क्रमांक जागेचा असावा, माणसाचा नव्हे. आधारशी तो जोडू नये. प्रत्येक खात्याने आपला जुना क्रमांक चालू ठेवावा आणि दोन क्रमांकांची जोडणी पाहण्याचा अधिकार कायद्याने नेमून दिलेल्या अधिकाऱ्यालाच असावा, तोही प्रत्येक पाहणीची नोंद ठेवून. एवढ्या अटी पाळता येत नसतील तर ही योजना आणूच नये, असेच मी म्हणेन.

पेठेचे नाव पुसले जाईल ही भीती मात्र अनाठायी आहे. पत्र्यावर रंगवलेला घरक्रमांक, वाड्याचे नाव, ‘शनिवार पेठ, वीर मारुतीजवळ’ हे माणसांसाठी आहे आणि राहील. कायमचा क्रमांक दप्तरासाठी.

आकडा काढायला यंत्राला क्षणही लागत नाही. खर्च आणि कष्ट आहेत ते खोल्यांची यादी करण्यात, आणि ते काम माणसांनीच करायचे आहे. म्हणून महापालिकेने दोन गोष्टी ताबडतोब कराव्यात. नव्या इमारतीला भोगवटा पत्र देताना प्रत्येक सदनिकेचा आणि गाळ्याचा क्रमांक त्या पत्रातच द्यावा. आणि कुठलाही जुना वाडा उतरवायला परवानगी देण्याआधी त्यातल्या प्रत्येक खोलीचे माप, नकाशा आणि क्रमांक मालक व भाडेकरू दोघांच्या सहीने नोंदवून घ्यावा, आणि ही नोंद झाल्याशिवाय पाडकामाची परवानगी देऊ नये. सुरुवात शनिवार पेठेपासून करावी. इथले बरेच वाडे अजून उभे आहेत आणि त्यांच्या खोल्या मोजता येतात. वाडा उतरवल्यावर त्या मोजायला कुणालाही येणार नाहीत.