बॉनेट तापतं तेव्हा
गोव्याहून अनमोड घाट चढून गणेशगुडीला काळी नदीवर राफ्टिंगसाठी येणाऱ्या लहान टर्बो गाड्यांचं बॉनेट हात ठेववत नाही इतकं तापतं आणि माणसं घाबरतात. बहुतेकदा घाबरण्यासारखं काही नसतं. चढावर टर्बोतून जाणारा धूर 800 अंशांच्या घरात असतो, त्यातलं चाक मिनिटाला 1 लाखाहून जास्त फेरे घेतं. ती उष्णता कुठेतरी निघणारच. म्हणून गणेशगुडीच्या सुपा धरणापाशी पोचताच इंजिन बंद करू नका. मिनिटभर चालू ठेवा, म्हणजे टर्बोच्या बेअरिंगमधलं तेल करपत नाही. नंतर पंखा फिरत राहिला तर फिरू द्या. रेडिएटर आणि इंटरकूलरच्या जाळीतला पालापाचोळा, लाल चिखल मात्र काढाच. बिजागरीखाली वॉशर घालून बॉनेटला मागून फट ठेवायचा सल्ला मला मुळीच पटत नाही: धावत्या गाडीत काचेच्या पायथ्याशी हवेचा दाब जास्त असतो, त्यामुळे वाफ निघण्याऐवजी बाहेरचीच हवा आत शिरू शकते. टर्बोवरचा पत्रा खडखडतो म्हणून काढून टाकणं तर धोक्याचंच; शेजारच्या वायरी आणि रबरी नळ्या त्याच्याच आडोशाला वाचतात. तापमानाचा काटा वर सरकला, तर मात्र गाडी लगेच बाजूला घ्या आणि इंजिन पुरतं निवेपर्यंत रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका.