मंगळवारचा शुक्रवार

मंगळवारी रात्री जेवायला बसणार, तोच ग्वाल्हेरहून मावशीचा फोन. "अरे, कम्प्यूटर एकदम बिघडून गेला. आवाज बंद, आणि काय काय आपोआप उघडतंय." तिचं सासर लष्करातलं, शिंद्यांच्या काळापासून तिथं रुजलेलं. तिच्या मराठीत हिंदी मिसळते, जशी आपल्यात कन्नड.

चौकशीअंती कळलं, शनिवारी तिनं कुठलंसं फुकटचं सॉफ्टवेअर घातलं होतं. मी म्हटलं, "मावशी, आपण त्याला शुक्रवारात नेऊ." ती गप्प. मग हळूच म्हणाली, "म्हणजे यांच्या बंदिशी जातील?"

काका गाणं शिकवीत. निम्म्या वह्या वाळवीनं खाल्ल्या. मावशीनं दोन वर्षं बसून टाईप केलं तेवढंच उरलं. मी तसा मराठीचा मास्तर, पण एवढं ठाऊक होतं. 'सिस्टिम रिस्टोअर' ही सोय विंडोजमध्ये २००० साली आली. ती यंत्राची घडी, म्हणजे सेटिंग, ड्रायव्हर, प्रोग्राम मागच्या तारखेला नेते. आपली पत्रं, फोटो यांना हात लावत नाही. (म्हणूनच पुसलेले फोटोही ती परत आणत नाही!) मात्र सोय आधीपासून चालू हवी. पुष्कळ कॉम्प्युटरवर ती बंदच असते. मावशीच्या नातवानं चालू करून ठेवली होती, हे नशीब.

सर्चच्या चौकटीत एकेक अक्षर सांगितलं: आर, एस, टी, आर, यू, आय. तारखांची यादी आली. शुक्रवार निवडला. काय काय जाणार ते दाखवणारं बटण दाबायला लावलं, तर दोन नावं: ते फुकटचं सॉफ्टवेअर, आणि रविवारी आणलेल्या प्रिंटरचं. मला घाई झालेली, शेजारून आमची धारवाडकरीण म्हणाली, "निधान, निधान!" खरंच होतं. मध्येच वीज गेली तर घोटाळा. मावशीला आधी इन्व्हर्टर बघायला पाठवलं.

अर्धा तास फोन चालू ठेवून आम्ही दोघं थांबलो. मग तिकडून विंडोजचा आवाज, आणि मावशीचा, "आहेत रे, सगळ्या आहेत!"

प्रिंटर बोलेनासा झाला आहे. त्याचं सॉफ्टवेअर पुन्हा घालायला नातू रविवारी येईल. दुसऱ्या दिवशी मावशीनं दोन पेनड्राईव्ह आणवले. एक तिच्या कपाटात, दुसरा पोस्टानं बेळगावला निघाला आहे.