दर्जा घसरला म्हणता? मग दंड कुणाला?



शिक्षणाचा दर्जा घसरला, अशी ओरड रोज कानी येते. ओरडणारे कोण? बहुतेक तेच, ज्यांची पोरं पालिकेच्या शाळेची पायरी कधी चढली नाहीत! आणि कारण काय सांगतात? म्हणे, कॉलेजात नको तितकी गर्दी शिरली. ही गर्दी म्हणजे कोण, हे आम्हांला कळतं. ती तुमची-आमची पोरं!

दर्जा घसरला हे आम्ही नाकारीत नाही. ‘असर’ची पाहणी सांगते की, ग्रामीण भारतात पाचवीच्या १०० मुलांपैकी दुसरीचा धडा वाचता येणारी मुलं २०२२ साली सुमारे ४३ होती, २०२४ साली सुमारे ४९. म्हणजे निम्म्याहून अधिक पोरं पाचवीत बसूनही कोरीच! पण हा दोष कुणाचा?

साचेखात्यात ज्यानं उमेद घातली त्याला हे शिकवायला नको. कापूस हलका आला की सूत कच्चं निघायचं, साच्यावर धागा तुटायचा, कापड बिघडायचं. कच्चं सूत मालकाचं, दंड मात्र विणकराच्या पगारातून! शिक्षणातही हाच न्याय चालू आहे. पहिलीपासून शिकवण्यात कसूर करायची आणि बारावीनंतर दाराशी उभ्या पोराला विचारायचं, “तुझी लायकी काय?”

हे दुखणं जुनं आहे. जोतीराव फुल्यांनी १८८२ सालीच हंटर आयोगापुढं ठणकावलं होतं की, कर भरतो रयत आणि त्या पैशावर उच्च शिक्षण घेतात वरचे. कोठारी आयोगानं १९६६ साली राष्ट्रीय उत्पन्नाचा ६ टक्के वाटा शिक्षणाला द्या म्हणून सांगितलं. २०२० च्या धोरणानं तोच आकडा पुन्हा लिहिला. मधल्या ५४ वर्षांत तो गाठला असता, तर पुन्हा लिहायची वेळ का आली असती?

आता प्रवेशाचं बघा. डॉक्टर व्हायचं तर बारावीचे मार्क चालत नाहीत, ‘नीट’ द्यावी लागते. परीक्षा सर्वांना एकच, मग अन्याय कुठला, असं विचारतात. अन्याय परीक्षेच्या आधी होतो! क्लासची फी लाखाच्या घरात. ज्याच्या बापाकडे ती आहे त्याची तयारी दोन-दोन वर्षं चालते; आमचं पोर खोलीतल्या दहा माणसांत कोपरा शोधतं.

तामिळनाडूनं याचा हिशेब मांडला. न्यायमूर्ती राजन समितीनं २०२१ साली दाखवलं की, ‘नीट’पूर्वी, २०१६-१७ साली, तिथल्या वैद्यकीय प्रवेशांत तामिळ माध्यमाची मुलं जवळजवळ १५ टक्के होती, पुढच्याच वर्षी ती २ टक्क्यांच्याही खाली आली. एका वर्षात तामिळ पोरांची अक्कल आटली काय? पोरं तीच, दार बदललं! त्या सरकारनं २०२० साली सरकारी शाळांतल्या मुलांसाठी साडेसात टक्के जागा राखल्या. मद्रास उच्च न्यायालयानं २०२२ साली तो कायदा उचलून धरला.

यानं दर्जा आणखी घसरेल, अशी बोंब होईल. तिला उत्तर साधं आहे. ती मुलंही ‘नीट’ पात्र होऊनच आत जातात आणि पुढं डॉक्टरकीची परीक्षा सर्वांबरोबरच देतात. मग दर्जा कुठं बुडाला?

बंधूंनो, १९८२ च्या संपानंतर एकेक गिरणी थंडावली. बापाच्या ओळखीनं बदलीत लागायची सोयही गेली. पोराच्या हाती आता शाळा तेवढी उरली; तीही कच्ची ठेवली, तर त्यानं जायचं कुठं?

भाषेचं राज्य मागताना आम्ही नुसता नकाशा मागितला नव्हता. मराठी शाळेतनं निघालेल्या पोराला विद्यापीठाचं दार उघडं असावं, म्हणून मागितलं होतं. तेव्हा आमची मागणी स्पष्ट आहे. प्रत्येक वर्गाला पुरता शिक्षक मिळालाच पाहिजे! प्रवेश परीक्षेची तयारी पालिकेच्या शाळांतून फुकट झालीच पाहिजे! आणि तामिळनाडूनं केलं ते महाराष्ट्रानं केलंच पाहिजे!

राखीव जागा ही मलमपट्टी आहे, खरा इलाज पहिलीच्या वर्गात आहे, हे आम्ही जाणतो. पण इलाज होईस्तोवर जखम उघडी ठेवा, असं सांगणारा वैद्य आम्हांला नको. सूत ज्यानं कच्चं दिलं, दंड त्यानंच भरावा!