जप्त केलेले पत्ते परत करा

एप्रिल २०२२ मध्ये टेक्सासला रेसलमेनिया झाली, तेव्हा लोगन पॉल नावाचा यूट्यूबवाला पैलवान होऊन रिंगणात उतरला. त्याच्या गळ्यात साखळीला एक पत्ता लटकत होता. चित्र काढत बसलेल्या पिकाचूचा, पोकेमॉनचा. तेव्हाची किंमत ५२ लाख ७५ हजार डॉलर, म्हणजे चाळीस कोटी रुपयांच्या आसपास. मुळात हा पत्ता १९९७-९८ साली जपानमधल्या एका मुलांच्या मासिकाने चित्रकलेच्या स्पर्धेत बक्षीस म्हणून वाटला होता. पुढे पत्ते तपासणाऱ्या कंपनीने लोगन पॉलच्या प्रतीला दहापैकी दहा मार्क दिले आणि प्लास्टिकच्या डबीत बंद केलं. कोपरा दुमडलेला नाही, कडेचा रंग उडालेला नाही, बोटाचा डाग नाही. थोडक्यात, या पत्त्याने कुणी खेळलंच नाही, त्याचे ते दहा मार्क.

दारव्ह्यात माझं स्टेशनरी-झेरॉक्सचं दुकान आहे, वडिलांनी सुरू केलेलं. मी डब्ल्यूडब्ल्यूएफचे ट्रम्प कार्ड जमवतो. हा छंद घरात कुणाला पटलेला नाही. माझ्या बुटाच्या खोक्यांतल्या एकाही पत्त्याला ती कंपनी काठावर पास होण्यापुरतेही मार्क देणार नाही. कोपरे गोल झालेत, मागे पेनाने कुणाकुणाची नावं आहेत, एका ब्रेट हार्टच्या मधोमध सेलोटेप आहे. माझ्या मते पत्ता जमवावा तर असाच. पत्त्यांत पैसे गुंतवणारे, ते हिसकावणारे मास्तर आणि ते कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवणारे आईबाप हे तिघं मला एकाच पंगतीतले वाटतात. तिघंही पत्ता डावातून उचलून नेतात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी खेळ सांगतो. सत्तरच्या दशकाच्या शेवटी ब्रिटनमध्ये 'टॉप ट्रम्प्स' नावाने मोटारी, विमानं, जहाजं यांचे पत्ते निघाले. आपल्याकडे नव्वदीत तोच खेळ टीव्हीवरच्या पैलवानांवर बसला. स्टारच्या स्पोर्ट्स चॅनलवर कुस्त्या लागायच्या. ज्याच्या घरी केबल त्याच्या ओसरीवर सगळी आळी. पत्त्यावर पैलवानाचा फोटो आणि खाली आकडे: रँक, हाइट, वेट, चेस्ट, बायसेप, फाइट, विन. पत्ते सारखे वाटायचे, गठ्ठा उलटा धरायचा, वरचा पत्ता आपला आपण पाहायचा आणि ज्यात आपण जड असू तो आकडा पुकारायचा. योकोझुना आला की डोळे मिटून 'वेट'. जायंट गोन्झालेझ आला की 'हाइट'. मोठ्या आकड्याचा धनी समोरच्याचा पत्ता घेऊन जाणार. फक्त रँकमध्ये लहान आकडा मोठा. नवा पोट्टा इथेच फसायचा.

लाइट गेली की टीव्ही बंद आणि पत्ते सुरू. शकुंतला गाडीने मूर्तिजापूरकडे जाताना तर त्या गाडीचा वेग पाहता दोन स्टेशनांच्या मध्ये एक पूर्ण डाव निघायचा. मोठी माणसं पलीकडच्या बाकावर रमी लावून बसलेली, आणि आम्ही खेळलो की 'बिघडले पोट्टे'.

खरी मजा भांडणात होती. पत्ते छापणारे बरेच होते आणि कुणाचा आकडा कुणाशी जुळत नव्हता. एका संचात अंडरटेकरची छाती जेवढी, तेवढी दुसऱ्यात नाही. दोन पोरांचे संच एकत्र मिसळले की ठिणगी पडलीच. "माह्या पत्त्यावर लिहून हाय ना बे!" "मंग माह्यावर बी लिहूनच हाय!" शेवटी आळीचा कायदा ठरला: ज्याच्या घरचा ओटा, त्याच्या संचातले आकडे खरे. छापलेला आकडा म्हणजे देववाणी नव्हे, तो कुणीतरी बसून लिहिलेला असतो, हे मला कुठल्याही पुस्तकाच्या आधी या पत्त्यांनी दाखवलं. आणि आकडा खोटा असला तरी सगळ्यांनी मिळून तो मान्य केला तर खेळ चालतो, हेही.

खोटेपणाची गोष्ट तर त्याच्याही वर होती. १९८९ मध्ये न्यू जर्सीच्या सिनेटपुढे डब्ल्यूडब्ल्यूएफ कंपनीनेच सांगून टाकलं होतं की आमची कुस्ती ही स्पर्धा नाही, करमणूक आहे. क्रीडा मंडळाच्या देखरेखीतून सुटका हवी होती म्हणून. ती बातमी दारव्ह्यापर्यंत यायला बरीच वर्षं लागली. जपानचा म्हणून मिरवणारा योकोझुना सामोअन घराण्यातला, अमेरिकेत जन्मलेला. १९९६ च्या 'खिलाडियों का खिलाडी'त अक्षयकुमारने ज्या अंडरटेकरला डोक्यावर उचललं, तो ब्रायन ली नावाचा दुसराच पैलवान. आणि त्याआधी १९९४ च्या समरस्लॅममध्ये कंपनीनेच त्याला नकली अंडरटेकर करून खऱ्यासमोर उभं केलं होतं. म्हणजे आम्ही ज्याच्यावरून आठवडाभर वाद घातले तो नकली माणसाची नक्कल होता. मला हे कळलं तेव्हा फसवल्यासारखं मुळीच वाटलं नाही. उलट खोक्यातल्या पत्त्यांना आणखी एक गोष्ट चिकटली.

संग्रहातला माझा सगळ्यात लाडका पत्ता छापील नाहीच. आळीतल्या एका पोराचा एक पत्ता हरवला, म्हणून त्याने लग्नपत्रिकेचा जाड कागद त्याच मापात कापला आणि त्यावर आपल्या बापाला बसवलं. बाप जिनिंगमध्ये हमाल. पेन्सिलने चित्र, खाली आकडे. हाइट अंदाजे. वेट किराणा दुकानाच्या काट्यावर मोजून आणलेलं, कारण आम्ही पुरावा मागितला. चेस्ट शिंप्याच्या टेपने. फाइट शून्य, विन शून्य. रँक मात्र त्याने बेधडक १ टाकली आणि आम्ही तासभर हुज्जत घालून ती मान्य केली. तो पत्ता त्यानंतर प्रत्येक डावात फिरला आणि रँक पुकारली की योकोझुनालाही घेऊन गेला. अशा पत्त्याला कुठली कंपनी किती मार्क देणार?

आता अलीकडचं. डब्ल्यूडब्ल्यूएफ हे नाव २००२ मध्ये गेलं. पांडाचं चिन्ह असलेल्या वन्यजीव संस्थेची आद्याक्षरं तीच, आणि कोर्टात ती संस्था जिंकली. त्यामुळे जुन्या अक्षरांचे पत्ते 'दुर्मीळ' म्हणून ऑनलाइन विकले जातात. दुर्मीळ काय, आमच्या दुकानात नंतरही बरीच वर्षं तीच अक्षरं छापलेले पत्ते माळेला टांगून होते. छापणाऱ्याला ना पांडाशी देणंघेणं, ना कोर्टाशी. 'न उघडलेलं पाकीट' म्हणून चढा भाव सांगणारे फोन मलाही येतात. न उघडलेलं पाकीट घेऊन मी करू काय? त्यात दारव्ह्याचं काहीच नाही. ते जसं छापखान्यातून निघालं तसंच राहिलं.

याबाबतीत सावंतवाडीच्या गंजिफाकडे पाहावं. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे, इतका हा खेळ जुना. सावंतवाडीचा दशावतारी गंजिफा म्हणजे दहा अवतारांचे प्रत्येकी बारा असे १२० गोल, लाखेचं काम केलेले पत्ते. दिवसा खेळलात तर रामाच्या राजाने सुरुवात, रात्री कृष्णाच्या. कोकणात लोक दशावताराचा खेळ रात्रभर बघायचे आणि त्याच अवतारांचे पत्ते हातात धरायचे; आवडत्या मालिकेचे पत्ते ही काही केबलवाल्यांनी आणलेली कल्पना नव्हे. सत्तरच्या दशकात तिथल्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी पुंडलिक चितारी या वयोवृद्ध कारागिराकडून शिकून राजवाड्यात हे काम पुन्हा उभं केलं, नाहीतर ते संपलंच होतं. त्यांचे उपकार मानावे तेवढे थोडे. पण आज तो संच घेणारा तो फ्रेम करून भिंतीवर लावतो. कला वाचली, डाव मांडणारी माणसं शोधावी लागतात. दिवसा राम आणि रात्री कृष्ण, हा नियम काचेमागे काय कामाचा?

उलट माझ्या दुकानासमोर बघा. पोकेमॉनचे पत्ते जपानमध्ये ऑक्टोबर १९९६ मध्ये आले, टीव्हीवरची मालिका एप्रिल १९९७ मध्ये. आपल्याकडे मालिका २००३ च्या सुमाराला पोचली, चिप्सच्या पुड्यांतून टॅझो निघू लागले, आणि आता नागपूरच्या इतवारीतून सोनेरी पत्र्यासारखे चमकणारे नकली पत्ते येतात. मी विकतो, लपवत नाही. त्यावरचं इंग्रजी चुकीचं, ताकदीचे आकडे छापणाऱ्याच्या मर्जीचे. मूळ खेळाचे नियम भले किचकट. आमच्या पोट्ट्यांना त्यातलं एक अक्षर ठाऊक नाही. ते काय करतात? पत्ता उलटा धरतात आणि ओरडतात, "एचपी!" ज्याचा आकडा मोठा, तो पत्ता घेऊन जातो. त्यांना हा खेळ कुणी शिकवला नाही. माझ्या पायरीवर बसून त्यांनी जपानी पत्त्याचा परत आमचा ट्रम्प करून टाकला, आणि नकली आकड्यांवरून तीच जुनी भांडणंही सुरू झाली.

'मुलांना यापेक्षा चांगलं काही द्या' म्हणणारे ग्राहक येतात. त्यांच्यासाठी गडकिल्ल्यांचे, शास्त्रज्ञांचे, पाढ्यांचे पत्तेही ठेवतो. आईबाप घेतात, पोरं एकदा बघतात, बस्स. त्यात माहिती असते पण हरण्यासारखं काही नसतं. कुणी किल्ल्यांची उंची, बुरूज आणि पडलेले वेढे एकमेकांवर चढवणारा संच नीट काढला तर पहिली पेटी मी घेईन.

मास्तर म्हणतात, वर्गात लक्ष राहत नाही आणि जुगाराची सवय लागते. पहिलं खरं आहे. तासाला पत्ते निघाले तर काढून घ्यावेत, माझी तक्रार नाही. दुसरं पटत नाही. जुगारात पैसा जातो, इथे पत्ता जातो, आणि तो परत जिंकायला पोरगा दुसऱ्या दिवशी हजर असतो. त्याला रडू येतं, तेही त्याच डावाचा भाग. पण जप्त केलेलं जप्तच राहतं, याला काय म्हणायचं? तास संपल्यावर परत द्या, नाहीतर वर्षाच्या शेवटी तरी द्या. जिल्ह्यात अशी किती कपाटं असतील, जिथे खडूच्या खोक्यांमागे नव्वदीतले गठ्ठे पडून आहेत. मास्तर निवृत्त झाले, पोरं पुण्याला नोकरीला गेली.

मुख्याध्यापकांनी दिवाळीच्या सुट्टीआधी ती कपाटं उघडावीत. रबरबँड वितळून पत्ते चिकटले असतील तर ओढू नका. टाल्कम पावडर टाकून पट्टीच्या कडेने हलकेच सोडवा. मालक सापडला तर त्याला द्या. नाही सापडला तर मला विकू नका, खरंच नको. आज ज्यांच्या वर्गातून ते कपाट दिसतं त्यांना वाटून टाका. नियम सांगायला अर्धी मधली सुट्टी पुरते. रँकमध्ये लहान आकडा जिंकतो, तेवढं आधीच सांगून ठेवा, नाहीतर पहिल्याच डावाला मारामारी होईल.