नायट्रिकचा शेजार

प्रयोगवही : दर शनिवारी

मे महिन्यात कॉलेजच्या प्रयोगशाळेत कोणी नसतं. परीक्षा आटोपलेल्या, मुलं गावाला गेलेली, खिडक्या लावलेल्या, मेन स्विच खाली ओढलेला. एक्झॉस्ट पंखाही त्याच स्विचवर, त्यामुळे तोही बंद. बाहेर पनवेलचा पारा अडतीस-चाळीसला टेकतो. प्रयोगशाळा गच्चीखालच्या मजल्यावर असेल तर आत त्याहून जास्त. मला निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण अशा दुपारी त्या बंद खोलीतलं अ‍ॅसिडचं कपाट डोळ्यांसमोर येतं आणि चैन पडत नाही.

त्या कपाटात ग्लेशियल अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड असतं. व्हिनेगर ज्याच्यापासून होतं तेच, पण निव्वळ, पाणी न मिसळलेलं. ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगी मिळताच पेट घेऊ शकते, ते तापमान आहे साधारण ३९-४० अंश सेल्सियस. म्हणजे आपला मे महिना. त्याच कपाटात, बहुतेक वेळा त्याच फळीवर, नायट्रिक अ‍ॅसिडची तपकिरी बाटली उभी असते. नायट्रिक स्वतः जळत नाही, दुसऱ्याला जाळायला ऑक्सिजन पुरवतं. अ‍ॅसेटिक म्हणजे सरपण. ही दोघं एका फळीवर का येतात, तर दोघांच्या नावात अ‍ॅसिड आहे म्हणून.

माझ्या पहिल्या नोकरीत असंच एक कपाट होतं. दारावर लाल रंगात ‘अ‍ॅसिड’ लिहिलेलं. आत इंग्रजी वर्णानुक्रमे लावलेल्या बाटल्या: अ‍ॅसेटिक, फॉर्मिक, हायड्रोक्लोरिक, नायट्रिक, सल्फ्युरिक. डेडस्टॉक रजिस्टरमध्येही तोच क्रम, त्यामुळे तपासणीला आलेले लोक खूश व्हायचे. मीही नवखी. हे टापटिपीचं कपाट पाहून मला अभिमानच वाटायचा. त्या खोलीच्या कोपऱ्यात, सिंकखाली, टाकाऊ द्रवांची अडीच लिटरची एक बाटली असे. एका प्रात्यक्षिकानंतर तिच्यात थोडं मेथॅनॉल ओतलं गेलं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बॅचनं उरलेलं नायट्रिक ओतलं आणि बूच घट्ट लावलं. रात्री ती बाटली फुटली. सकाळी दार उघडलं तेव्हा काचेचे तुकडे समोरच्या भिंतीपर्यंत गेलेले होते आणि सिंकखालचं लाकूड काळं पडलं होतं. रात्र होती म्हणून कोणाला लागलं नाही. दुपारी साडेबाराला तिथे वीस मुलं उभी असतात.

त्या सकाळपासून मी एकच गोष्ट सांगत आले आहे. रसायन किती विषारी आहे हे बाटलीवर लिहिलेलं असतं, पण अपघात बहुधा त्या लेबलात नसतो, तो शेजारात असतो. बाटली कुठे ठेवायची ते तिच्या नावावरून ठरवायचं नाही. बाटलीच्या उंचीवरून किंवा रजिस्टरातल्या क्रमावरून तर नाहीच. तिचं कोणाशी पटत नाही, यावरून ठरवायचं.

नायट्रिकचं फार थोड्यांशी पटतं. अल्कोहोल, अ‍ॅसिटोन, अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड यांच्याशी नाही, धातूंशी नाही, लाकडाशी आणि कापसाशीही नाही. कातडीशी नाही हे तर रसायनशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला बोटांवरून कळतं. थेंब लागला की कातडी पिवळी पडते आणि ती जुनी कातडी गळून पडेपर्यंत पिवळीच राहते, कारण अ‍ॅसिडनं त्वचेतलं प्रथिन बदललेलं असतं. प्रथिनं ओळखायची जी परीक्षा आपण परीक्षानळीत करतो, ती इथे स्वतःच्या बोटावर झालेली असते. उजेडाशीही त्याचं वैर आहे. पारदर्शक बाटलीत ठेवलं तर उन्हात त्याचं विघटन होतं, द्रव पिवळा पडतो आणि वरच्या मोकळ्या जागेत तपकिरी वायू साठतो. म्हणून बाटली तपकिरी काचेची. आणि म्हणूनच सुट्टीनंतर ती पहिल्यांदा उघडताना चेहरा दूर ठेवून, धूर ओढून घेणाऱ्या फ्यूम कपाटात, बूच हळूहळू फिरवायचं.

त्या तपकिरी वायूविषयी थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण घराघरांतल्या आईवडिलांनाही ते माहीत असावं. हा नायट्रोजन डायॉक्साइड छातीत गेला की लगेच फार काही होत नाही. थोडा खोकला येतो, घसा चुरचुरतो आणि थांबतो. मूल घरी येतं, जेवतं, झोपतं. फुप्फुसात पाणी भरायला कित्येक तास लागतात, कधी दुसरा दिवस उजाडतो. तोवर प्रयोगशाळेतली गोष्ट सगळे विसरलेले असतात आणि डॉक्टरांना दम्यासारखं काहीतरी वाटतं. त्यामुळे तपकिरी धूर श्वासात गेला असेल, तर बरं वाटत असलं तरी त्याच दिवशी दवाखान्यात जायचं आणि कोणता वायू होता ते नाव घेऊन सांगायचं.

पनवेलकरांना हे सगळं दूरचं वाटायला नको. पनवेलहून पेणकडे जाताना सोमाटण्यानंतर येणाऱ्या स्थानकाचं नावच रसायनी आहे. १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्सनं पाताळगंगेकाठी तिथे कारखाना उभा केला. मे २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं तिथली उत्पादनं बंद करायचं ठरवलं, पण एक संयंत्र वगळलं आणि ते इस्रोकडे सोपवायचा निर्णय झाला. ते नायट्रोजन टेट्रॉक्साइडचं होतं. हे नायट्रिकचंच सख्खं भावंड, २१ अंशांना उकळतं आणि उष्णतेनं त्याच तपकिरी वायूत बदलतं. पीएसएलव्हीच्या दुसऱ्या टप्प्यातलं ‘विकास’ इंजिन याच्यावर आणि हायड्रॅझिनच्या जातीच्या इंधनावर चालतं. तिथे ठिणगी लागत नाही. दोन द्रव भेटले की पेटतात. ते भेटायच्या क्षणापर्यंत त्यांना वेगळ्या टाक्यांत, वेगळ्या नळ्यांत ठेवायचं, ही सगळी विद्या. आपल्या शेजारच्या गावात बनलेल्या द्रवावर उपग्रह वर जातात, याचा मला मनापासून अभिमान आहे. श्रीहरिकोट्याला जो नियम पाळला जातो, तोच बारावीच्या कपाटालाही लागू आहे, एवढंच माझं मागणं.

त्याच रसायनीत डिसेंबर २०१८ मध्ये नायट्रिकच्या गळतीनंतर तीसहून अधिक माकडं आणि काही कबुतरं मेल्याच्या बातम्या आल्या. त्या दिवसांत मी कर्नाळ्याच्या बाजूला गेले होते. झाडावर माकडं दिसली की पोटात कालवायचं. त्यांच्यासाठी भोंगा नसतो आणि वारा कुठल्या दिशेला आहे हे त्यांना कोणी सांगत नाही.

प्रयोगशाळा फक्त कॉलेजात नसतात. तळोजा एमआयडीसीत पोलादाचं काम करणारे कारखाने आहेत. पोलादाचा तुकडा घासून गुळगुळीत करायचा, त्यावर ‘नायटल’ लावायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्याची रचना पाहायची, हे या धंद्यातलं नेहमीचं काम. नायटल म्हणजे अल्कोहोलमध्ये दोन ते पाच टक्के नायट्रिक. ज्या दोघांना एका फळीवर ठेवू नये म्हणते, ती इथे एकाच बाटलीत! प्रमाण कमी आहे म्हणून चालतं. प्रमाण वाढवून, मोठी बाटली एकदाच भरून, बूच घट्ट लावून ठेवलं की तिचा बॉम्ब होतो. लागेल तेवढंच रोज करायचं, उरलेलं साठवायचं नाही, हे तिथल्या जुन्या माणसांना ठाऊक असतं. ठेकेदारानं गेल्या आठवड्यात पाठवलेल्या मुलाला ते कोण सांगतं? सोनं गाळणाऱ्या कारागिरांचं ‘तेजाब’ हेही बहुधा नायट्रिकच. एका खोलीत, गॅसच्या शेगडीशेजारी, अंगावर बनियन, असं काम चाललेलं मी पाहिलं आहे. त्यांच्यापर्यंत कोणतंच पाठ्यपुस्तक जात नाही.

सांडलं तर काय करायचं, यातही आपण जन्माची सवय आड आणतो. काही सांडलं की फडकं, नाहीतर लाकडाचा भुसा. तीव्र नायट्रिकवर ही दोन्ही सरपणं आहेत. भुसा टाकला की तो तापतो, धुरावतो, पेटूही शकतो. वाळू टाकायची, त्यावर धुण्याचा किंवा खाण्याचा सोडा पसरायचा, फसफस थांबेपर्यंत वाट पाहायची. सोड्याची पाच किलोची पिशवी आणि वाळूची एक बादली, एवढ्यानं भागतं. घाईत काचेची भांडी अ‍ॅसिटोननं विसळून लगेच तीव्र नायट्रिकमध्ये बुडवण्याची सवयही अशीच जिवावर बेतणारी.

उरलेलं बेसिनमध्ये ओतून मोकळं होणं हा आपला आणखी एक रिवाज. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोज्यात निळे कुत्रे फिरताना दिसले तेव्हा सांडपाण्यातल्या रंगामुळे कासाडी नदी देशभर गाजली. रंग होता म्हणून दिसलं. नायट्रिकमध्ये विरघळलेलं शिसं वाहून जातं तेव्हा कुत्रा निळा होत नाही. धोकादायक कचऱ्याची शास्त्रीय विल्हेवाट लावणारी मोठी सुविधा तळोज्यातच आहे. लांबलांबचा कचरा तिथे येतो. आपली कॉलेजं तर तिच्या उंबऱ्यावर आहेत. पनवेलमधल्या संस्थांनी एकत्र येऊन वर्षातून एकदा गाडी करायला काय हरकत आहे?

आता कायद्याचं. अ‍ॅसिडहल्ल्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०१३ मध्ये दिलेला आदेश दुकानदारांना माहीत झाला, शिक्षणसंस्थांना फारसा नाही. त्यात शिक्षणसंस्था आणि प्रयोगशाळांसाठी स्पष्ट लिहिलं आहे: अ‍ॅसिडच्या वापराची नोंदवही ठेवायची आणि ती उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे आपल्या प्रांत कार्यालयात, दाखल करायची. अ‍ॅसिडच्या ताब्यासाठी एका व्यक्तीला जबाबदार धरायचं, साठवण तिच्या देखरेखीखाली हवी आणि प्रयोगशाळेतून बाहेर पडणाऱ्यांची तपासणी व्हायला हवी. विद्यार्थी म्हणून, शिक्षक म्हणून, पालक म्हणून विचारायचा प्रश्न सोपा आहे: तुमच्या कपाटाचा माणूस कोण?

शाळांत हा माणूस बहुधा प्रयोगशाळा परिचर असतो. शिक्षक तासाला येतात आणि जातात. बाटली खाली काढतो, द्रव पातळ करतो, लेबल चिकटवतो आणि सांडलेलं पुसतो तो परिचर. डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयानं अनुदानित शाळांतली चतुर्थ श्रेणीची पदं रिकामी होतील तशी संपवून शाळेला ठोक भत्ता द्यायचं ठरवलं. झाडू मारायला भत्त्यावर माणूस मिळेल. पण नायट्रिकच्या बाटलीला दरमहा बदलणारा माणूस चालत नाही. हा निर्णय प्रयोगशाळांपुरता तरी मागे घ्यायला हवा आणि असलेल्या परिचरांना रीतसर प्रशिक्षण द्यायला हवं. आजवर ते जे शिकले ते भाजून घेऊन शिकले.

गेल्या आठवड्यात एका जुन्या प्रयोगशाळेत गेले होते. तिथले मामा सुट्टीतही किल्ली घेऊन आले. कपाट उघडून दाखवलं. नायट्रिक सगळ्यांत खालच्या कप्प्यात, एकटं, प्लास्टिकच्या पसरट टबात. आतली लाकडी फळी काढून तिथे कडप्पा बसवलेला. बाटलीवर त्यांच्या अक्षरात दोन तारखा, आली कधी आणि उघडली कधी. वर चिकटपट्टी लावलेली, पावसाळ्यात ओल येऊन लेबल सुटू नये म्हणून. अ‍ॅसेटिक कुठे आहे विचारलं तर म्हणाले, “ते पलीकडच्या खोलीत, मॅडम. या दोघांच्या मधी भिंत पाहिजे.” हे त्यांना कोणी शिकवलं? त्यांनी डावा हात पुढे केला. मनगटावर जुना, चकचकीत डाग होता.

मामा या ३१ मे रोजी निवृत्त होत आहेत. किल्ली कोणाकडे द्यायची, ते अजून त्यांना कोणी सांगितलेलं नाही.

– पनवेलकर