‘इनमें तो ऐसा होता ही है’

माझ्या दादाला डाउन सिंड्रोम आहे. वय 39. लहानपणी त्याचे बालरोगतज्ज्ञ होते, त्यांना त्याचं सगळं पाठ होतं. 18 पूर्ण झाल्यावर त्यांनी सांगितलं, आता मोठ्यांच्या डॉक्टरांकडे जा. कोणाकडे, ते काही सांगितलं नाही. आणि मोठ्यांच्या बहुतेक डॉक्टरांना हा लहान मुलांचा विषय वाटतो. त्यांनाही फार दोष देता येत नाही. 1980 च्या सुमारास अमेरिकेतसुद्धा डाउन सिंड्रोम असलेली माणसं सरासरी पंचविशीपर्यंतच जगत. आज तिथे ते साठीच्या आसपास गेलंय. चाळिशीतला असा पेशंट अनेक डॉक्टरांनी पाहिलेलाच नसतो.

दोन वर्षांपूर्वी दादा मंदावला. सकाळी उठेना, कार्यशाळेत जाईना, रविवारचे पोहे अर्धे टाकून उठायचा. इंदूरच्या माणसाने पोहे टाकले म्हणजे घरात काळजी सुरू होते. पहिल्या डॉक्टरांनी तीन मिनिटं पाहिलं आणि म्हणाले, “इनमें तो ऐसा होता ही है।” दुसरे म्हणाले, स्मृतिभ्रंशाची सुरुवात असेल. ही भीती खोटी नाही. डाउन सिंड्रोममध्ये अल्झायमर लवकर येऊ शकतो. पण तो शिक्का मारण्याआधी थायरॉइड, कान, झोप, बी-12 आणि नैराश्य बघायला हवं, कारण लक्षणं तशीच दिसतात. तिसऱ्या डॉक्टर आमच्याच भागातल्या साध्या एमडी. त्यांनी टीएसएच करायला सांगितलं. ते खूप वाढलेलं निघालं. गोळी सुरू झाली आणि काही महिन्यांत दादा पुन्हा सहा वाजता चहासाठी हाका मारायला लागला.

तेव्हापासून मी एक प्रश्न तयार ठेवते. “ऐसा होता है” ऐकलं की अगदी शांतपणे विचारायचं, “डॉक्टर साहब, यही तकलीफ मुझे होती तो आप कौन-सी जाँच करवाते?” बहुतेक वेळा पेन परत हातात येतं.

आपल्यालाही थोडं माहीत असावं. मोठ्या वयाच्या डाउन सिंड्रोमसाठीच्या मार्गदर्शक सूचना 2020 मध्ये ‘जामा’ या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात आल्या. त्यांत थायरॉइड 21 व्या वर्षापासून दर एक-दोन वर्षांनी, साखर 30 पासून दर तीन वर्षांनी (वजन जास्त असेल तर आणखी लवकर) आणि 40 नंतर स्मरणशक्तीचा दरवर्षी आढावा असं सांगितलंय. मानेकडेही लक्ष हवं. वरच्या दोन मणक्यांचा सांधा सैल असू शकतो, म्हणून चाल बदलली, हातातली ताकद गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला तर लगेच दाखवायचं. कुठलंही ऑपरेशन असो, भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे आधी सांगायचंच. घोरणं मोठं असेल तर झोपेची तपासणी. आणि कान! कानाची नळी अरुंद असते, मळ साचतो, ऐकू येत नाही, आणि घरचे म्हणतात हट्टी झालाय.

कागदांचं थोडक्यात. नॅशनल ट्रस्टच्या ‘निरामय’ योजनेत 1 लाखापर्यंत आरोग्यविमा मिळतो, त्यासाठी आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मात्र हवं. 18 नंतर आई-वडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. त्यासाठी कलेक्टरांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्ह्याच्या समितीकडे अर्ज करावा लागतो. हे काम इमर्जन्सीच्या रात्री होत नाही.

खरी अडचण भाषेची आहे. दादा घरात मराठी बोलतो, हिंदी टीव्हीवरची. दवाखान्यात “दर्द है?” विचारलं तर “हाँ”. “दर्द नहीं है ना?” विचारलं तरी “हाँ”. समोरचा खूश व्हावा एवढंच त्याला हवं असतं. म्हणून मी सांगते, त्याच्याशीच बोला, पण हो-नाहीचं विचारू नका. बोट ठेवून दाखवायला सांगा. बाकीचं त्याच्या वागण्यावरून ओळखावं लागतं. दात दुखला की तो टोपी कानावर ओढतो. पोट बिघडलं की आवडती मालिका बंद करतो. आमच्या कामात बग कळवताना आधी नीट चालत असताना काय व्हायचं, ते लिहावं लागतं. तसंच मी एका पानावर ‘नेहमीचा दादा’ लिहायला घेतलाय, कारण डॉक्टरांना फक्त आजारी दादा दिसतो. हिंदीत एक प्रत, इंग्रजीत एक.

त्यातलं जवळपास सगळं आईने सांगितलेलं आहे. ती 68 वर्षांची. म्हणते, “लिहून कशाला ठेवतेस गं, मी आहे ना.” आणि मग पोळ्या लाटता लाटता आणखी एक ओळ सांगते.