सूर्य छतावर, झापड डोळ्यांवर!

२२ जानेवारी २०२४ या दिवसाचे माहात्म्य या अंकाच्या वाचकाला नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. अयोध्येत रामलल्लाची प्राणप्रतिष्ठा झाली आणि शतकांच्या प्रतीक्षेचे पारणे फिटले. त्याच दिवशी अयोध्येहून दिल्लीस परतल्यावर पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी आपला पहिला निर्णय जाहीर केला, तो देशातील एक कोटी घरांच्या छतांवर सौरसंच बसविण्याचा. सूर्यवंशी प्रभू रामचंद्रांच्या प्रतिष्ठापनेच्या दिवशी सूर्याशी नाते सांगणारी योजना जाहीर व्हावी, यातील औचित्य कोणाच्याही ध्यानी यावे. परंतु आपल्याकडील बुद्धिमंत मंदिरावर अग्रलेख खरडण्यात गुंतले होते आणि आपण आनंदोत्सवात मग्न होतो. टीकाकारांचे सोडून द्या. त्यांना ती योजना दिसलीच नाही. आपल्याला दिसली, आपण टाळ्याही वाजविल्या. पुढे केले काय?

हा प्रश्न आज विचारायचा आहे आणि तो मुख्यतः आपल्यालाच विचारायचा आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘पंतप्रधान सूर्यघर : मोफत वीज योजना’ या नावाने ही योजना प्रत्यक्षात आली. तिच्यासाठी ७५ हजार २१ कोटी रुपयांची तरतूद झाली आणि मुदत ठरली आर्थिक वर्ष २०२६-२७ पर्यंतची. स्वतंत्र घराच्या छतावर पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत प्रत्येक किलोवॅटला ३० हजार, तिसऱ्यासाठी १८ हजार, असे मिळून कमाल ७८ हजार रुपये अनुदान थेट बँक खात्यात जमा होते. गृहनिर्माण संस्थांना सामायिक वापरासाठी, म्हणजे उद्वाहन, पाण्याचे पंप, जिन्यातील दिवे आणि विजेच्या वाहनांचे चार्जिंग यांसाठी, किलोवॅटला १८ हजार रुपये मिळतात; मर्यादा ५०० किलोवॅटची. तारणाविना अल्प व्याजाचे कर्ज आहे. सप्टेंबर २०२५ पासून सौरसाहित्यावरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. १० मार्च २०२५ पर्यंत देशातील दहा लाख घरांवर संच बसले. यात आघाडी घेतली ती गुजरातने.

ही रेवडी नव्हे

या योजनेवर पहिला आक्षेप ठरलेला आहे : “तुम्ही इतरांच्या मोफत विजेला रेवडी म्हणता, मग ही काय?” वरवर बिनतोड वाटणारा हा युक्तिवाद मुळात पोकळ आहे. ज्या राज्यांत सरकारने विजेची देयके माफ केली, तेथे वीज कोळसा जाळूनच निर्माण होते आणि तिचे पैसे वितरण कंपनीच्या तोट्यात अथवा करदात्याच्या खिशात जाऊन बसतात. दरवर्षी तीच माफी, दरवर्षी तोच खड्डा. सूर्यघर योजनेत सरकार एकदाच हातभार लावते, उरलेले भांडवल नागरिक स्वतः घालतो, आणि त्यातून पंचवीस वर्षे वीज देणारी मालमत्ता त्याच्या मालकीची होते. पहिली पद्धत नागरिकाला याचक बनविते, दुसरी उत्पादक. भिक्षा आणि बियाणे यांतील भेद ज्यांना कळत नाही, त्यांनी अर्थशास्त्रावर प्रवचने झोडू नयेत.

दुसरा वर्ग जागतिक परिषदांतील पर्यावरणवाद्यांचा. २००९ साली कोपनहेगनमध्ये श्रीमंत राष्ट्रांनी दरवर्षी १०० अब्ज डॉलर देण्याचे अभिवचन दिले. २०२४ साली बाकूमध्ये विकसनशील देशांनी १३०० अब्ज डॉलरची गरज मांडली, तेव्हा हाती आले ते २०३५ पर्यंत ३०० अब्जांचे आश्वासन! दोन शतके धूर ओकून संपन्न झालेल्यांचे हे औदार्य. भारताने मात्र कोणाच्या तोंडाकडे न पाहता विजेच्या स्थापित क्षमतेतील निम्मा वाटा बिगर-खनिज इंधनांचा करण्याचे २०३० चे उद्दिष्ट २०२५ मध्येच गाठले. पं. दीनदयाळ उपाध्याय यांनी १९६५ च्या एप्रिलमध्ये मुंबईतच एकात्म मानवदर्शनाची मांडणी केली. सृष्टीचे दोहन करावे, शोषण करू नये, ही आपली दृष्टी. सूर्यापासून वीज घेण्यासारखे निर्मळ दोहन दुसरे कोणते?

इथवर सारे आपल्याला मानवणारे. आता आपल्याला न मानवणारे.

नियोजित नगरीची गच्ची

ठाणे-वाशी लोकलमधून अथवा पामबीच मार्गावरून जाताना एकदा मान वर करून पाहावे. सिडकोने १९७० पासून आखून वसविलेले हे नगर. वाशी, नेरूळ, कोपरखैरणे, बेलापूर, ऐरोली येथे ओळीने इमारती, आणि इमारतींवर मैलोगणती गच्च्या. त्यांवर दिसतात पावसापासून बचावासाठी उभारलेल्या पत्र्याच्या शेड, पाण्याच्या टाक्या आणि अडगळ. सौरसंच शोधावे लागतात. वर्षातील आठ महिने स्वच्छ ऊन पडणाऱ्या नगरात, सुशिक्षितांच्या वसाहतीत ही स्थिती! काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरे काय?

हिशेब मांडून पाहू. एक किलोवॅटला सुमारे शंभर चौरस फूट जागा लागते आणि वर्षाची सरासरी धरता दिवसाला चार युनिट वीज मिळते. चाळीस सदनिकांच्या एखाद्या संस्थेने वीस किलोवॅटचा संच बसविला, तर महिन्याला सुमारे २४०० युनिट. किलोवॅटचा खर्च ५५ हजार धरला, तर एकूण ११ लाख. अनुदान ३ लाख ६० हजार. उरले ७ लाख ४० हजार, म्हणजे सदनिकेमागे साडेअठरा हजार रुपये. युनिटचा दर दहा रुपये धरला, तर वर्षाची बचत २ लाख ८८ हजार. अर्थात तीन वर्षांच्या आत भांडवल वसूल आणि पुढील दोन दशके वीज जवळजवळ विनामूल्य. बँकेतील कोणती मुदत ठेव असा परतावा देते?

तरीही वार्षिक सभेत हा विषय येताच घोडे पेंड खाते. कोणी म्हणतो, गच्ची गळेल. अहो, जलरोधक काम आधी करून घ्यावे. चौथरे त्यावर बसतात, आणि पत्र्याची शेड ठोकताना ही चिंता कोठे होती? कोणी म्हणतो, वरच्या मजल्यावरचा गच्चीवर हक्क सांगेल. गच्ची संस्थेची असते आणि सर्वसाधारण सभेचा ठराव त्यासाठी पुरेसा असतो. सर्वांत भारदस्त हरकत पुनर्विकासाची : “इमारत पाडायचीच आहे, मग खर्च कशाला?” ज्या संस्थेचा विकासकाशी करार होऊन घरे रिकामी करण्याची तारीख ठरली आहे, तिचे म्हणणे रास्त आहे. परंतु नवी मुंबईत पुनर्विकासाच्या नुसत्या चर्चेत वर्षेच्या वर्षे लोटलेल्या संस्था कितीतरी आहेत. तेवढ्या काळात संचाने आपले पैसे केव्हाच फेडले असते. शिवाय संच खोलून अन्यत्र बसविता येतो. खरी हरकत तोंडावर येत नाही. ती अशी की, अर्ज कोणी करायचा, खेटे कोणी घालायचे? सरकारने काय करावे यावर रात्रभर वाद घालणारा मध्यमवर्ग, सरकारने केले ते स्वीकारण्यासाठी अर्धा तास खर्च करीत नाही. दैव देते आणि कर्म नेते, ते असे.

मोरबे आणि जलूद

व्यक्तींचे असे, तर संस्थांचे काय? नवी मुंबई महानगरपालिकेचे कर्तृत्व नाकारण्याचे कारण नाही. स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर आणि सुरत यांच्या पंक्तीला बसून तिने ‘सुपर स्वच्छ लीग’मध्ये स्थान मिळविले. केंद्राच्या अमृत योजनेचे साहाय्य घेऊन कोपरखैरणे आणि ऐरोली येथे सांडपाण्यावर तिसऱ्या टप्प्याची प्रक्रिया करणारी केंद्रे उभारली. ते पाणी औद्योगिक पट्ट्यातील कारखान्यांसाठी. म्हणजे दिल्लीचा निधी आणायचा कसा, हे या महापालिकेला उत्तम ठाऊक आहे. तिच्याजवळ स्वतःच्या मालकीचे मोरबे धरण आहे. राज्यात असे भाग्य किती महापालिकांच्या वाट्याला आले? त्या मोरब्यावर सौर आणि जलविद्युत प्रकल्प उभारण्याचे मनोरथ मात्र वर्षानुवर्षे आराखड्यांतून धावत राहिले.

उलटपक्षी इंदूर पाहा. लोकमाता अहिल्यादेवींच्या होळकर संस्थानाची ही नगरी. नर्मदेचे पाणी उपसून आणण्याच्या विजेचे देयक पालिकेला झेपेना, तेव्हा फेब्रुवारी २०२३ मध्ये तिने हरित रोखे काढून जनतेकडूनच २४४ कोटी रुपये उभे केले आणि जलूद येथे ६० मेगावॅटचा सौरप्रकल्प हाती घेतला. रोख्यांची मागणी पुरवठ्याच्या कितीतरी पट होती. आपल्याच राज्यात पिंपरी-चिंचवडने जून २०२५ मध्ये २०० कोटींचे हरित रोखे काढले आणि केंद्राकडून प्रोत्साहनपर रक्कमही मिळविली. स्वच्छतेत इंदूरशी स्पर्धा करणाऱ्या नवी मुंबईने या स्पर्धेत मागे का राहावे? मत मागायला दारी येणाऱ्यांना गटारे आणि पदपथ यांबरोबर हा प्रश्नही विचारला गेला पाहिजे, आणि उमेदवार आपल्या विचारांचा असला तर अधिकच स्पष्टपणे.

पहिला मान कोणाचा?

या नगरीचा विचार करताना एक ऋण विसरता येणार नाही. सिडकोसाठी ज्यांच्या भातशेती आणि मिठागरे गेली, त्या आगरी-कोळी भूमिपुत्रांचे हे ऋण आहे. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात पाच जणांनी जासई परिसरात प्राण दिले, तेव्हा कोठे साडेबारा टक्के भूखंडाचा न्याय पदरी पडला. आज या मूळ गावांतूनच स्वतंत्र छपराची घरे आहेत, आणि ७८ हजारांचे अनुदान स्वतंत्र छपरालाच मिळते. सदनिकाधारकापेक्षा या योजनेचा लाभ घरटी अधिक कोणाला होऊ शकेल, तर तो या ग्रामस्थाला. शंभर युनिटांच्या आत वीज वापरणाऱ्या गरीब कुटुंबांना राज्य शासनानेही वाढीव अनुदान देऊ केले आहे. परंतु गरजेपोटी बांधलेल्या घरांचा प्रश्न लोंबकळत राहिल्याने बँकेच्या दारात ग्रामस्थ बिचकतो, आणि संकेतस्थळावरील अर्ज भरून देणारा कोणी भेटत नाही. ज्याने जमीन दिली त्याच्या घरावर सूर्य शेवटी उगवावा, हा कोणता न्याय? अंत्योदय हा शब्द आपण भाषणात वापरतो. त्याची परीक्षा येथे आहे.

प्रशासनालाही चार शब्द सुनावले पाहिजेत. सरकार आपल्या विचारांचे आहे म्हणून मौन पाळणे ही निष्ठा नव्हे. संच बसला आणि मीटर बदलून मिळेना, ही तक्रार एका जरी ग्राहकाच्या तोंडी आली, तरी तो दहा शेजाऱ्यांना परावृत्त करतो. उत्तम योजनेचे मातेरे करण्यास एक सुस्त लिपिक पुरेसा असतो.

पैसा फंडाचा वारसा

शेवटचा मुद्दा स्वदेशीचा. २०१० साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सौर अभियानात देशी बनावटीच्या साहित्याची अट होती. अमेरिकेने जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार केली आणि २०१६ साली अंतिम निकाल भारताविरुद्ध लागला. त्याच अमेरिकेने २०२२ साली कायदा करून स्वतःच्या देशी सौरमालाला वाढीव करसवलत दिली! दरम्यान या उद्योगाच्या प्रत्येक टप्प्यातील ऐंशी टक्क्यांहून अधिक क्षमता चीनने मुठीत घेतली. म्हणूनच सूर्यघर योजनेत अनुदान हवे असेल, तर पटल आणि त्यातील घटही भारतात तयार झालेले असावे लागतात. काही विक्रेते कानाशी लागतात, “अनुदान सोडा, परदेशी माल स्वस्तात देतो.” लडाखमध्ये आपल्या जवानांचे रक्त सांडणाऱ्यांच्या तिजोरीत आपल्या गच्चीवरून भर घालायची की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे.

स्वदेशीच्या चळवळीत अंताजी दामोदर काळे यांच्या कल्पनेतून आणि लोकमान्यांच्या पाठबळावर महाराष्ट्राने घरटी एकेक पैसा जमविला आणि त्यातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. तेव्हा सरकार परके होते. अनुदान सोडाच, अडथळेच वाट्याला येत. आज सरकार आपले आहे, पैसा ते देते आहे, आणि आपण हात पुढे करण्यास आळसावलो आहोत.

संघाने शताब्दीच्या निमित्ताने समाजापुढे पंचपरिवर्तनाचा विषय ठेवला : समरसता, कुटुंब प्रबोधन, पर्यावरण, ‘स्व’चा बोध आणि नागरिक कर्तव्य. या पाचही गोष्टी एका गच्चीवर एकत्र येतात, असे उदाहरण विरळा. तेव्हा कार्यकर्त्यांनी प्रत्येक वस्तीत दोन जाणकार निवडावेत. त्यांनी आधी गावठाणातील आणि कष्टकऱ्यांच्या घरांचे अर्ज भरून द्यावेत, मग आपल्या संस्थेच्या सभेत ठराव मांडावा, मंजूर करून घ्यावा आणि मीटर बसेपर्यंत पाठपुरावा सोडू नये. रथसप्तमीला आपण अंगणात दूध उतू घालून सूर्याला नैवेद्य दाखवितो. त्याच सूर्याचा प्रसाद रोज गच्चीवर वाया जातो आहे. तो ओंजळीत घेण्यासाठी दिल्लीने करायचे ते केले; आता सभेची सूचना आपल्याच सूचना फलकावर लागायची आहे.